हे ओढते का?

टेबलावरचं इंजिन बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "हे ओढते का रे?"

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमेटनं हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इंजिन चालतं की शोकेसमध्ये ठेवायचंय असं ते विचारताहेत. पण ब्रह्मपुरीत 'का' म्हणजे 'काय'. बाबांनी उभी हयात राइस मिलच्या हिशेबाच्या वह्यांमध्ये घालवली. गाडी दिसली की तिच्यात माल कोणता, किती पोती, कुठं चाललाय, हे त्यांच्या डोक्यात आधी येतं. त्यांना विचारायचं होतं, हे इंजिन काय ओढतं.

मला उत्तर देता आलं नाही. मी चार महिने त्या इंजिनावर घालवले होते.

इंजिन जर्मन, नाव व्ही ९०. मालगाड्यांचे डबे जोडण्या-तोडण्यासाठी आणि जवळपासचा माल वाहण्यासाठी पश्चिम जर्मनीच्या रेल्वेनं १९६४ पासून घेतलेलं डिझेल. मध्याच्या जरा एका बाजूला केबिन, पुढे-मागे बुटकी नाकाडं, म्हणजे ड्रायव्हरला दोन्हीकडचं दिसावं. देखणं मुळीच नाही, आणि म्हणूनच मला आवडतं. माझ्याकडे आलं ते बंद पडलेलं सेकंडहँड मॉडेल होतं, जर्मनीत एमएस करणाऱ्या मित्रानं आणलेलं. मोटर बदलली, डिजिटल डिकोडर बसवला, प्लॅस्टिकचे जाड कठडे काढून पितळी तारेचे केले, रंग उतरवून पुन्हा दिला. मे महिन्यात ब्रह्मपुरीत एअरब्रश चालवणं हा वेगळाच विनोद आहे. पारा ४५ च्या पुढे, आणि ॲक्रिलिक रंग नळीतच वाळतो. शेवटी पहाटे चारला उठून रंगकाम केलं.

या छंदात प्रामाणिकपणाला फार मान आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७. खऱ्या रुळांमधलं १४३५ मिलिमीटर अंतर इथं साडेसोळा मिलिमीटर होतं. इंजिन लाल आहे की निळं-पांढरट, यावरून ते कोणत्या काळातलं हे ठरतं. १९७४ नंतरचा निळा रंग आणि १९६८ च्या आधीचा नंबर एकत्र दिसले तर जाणकार नाक मुरडतात. १९६८ ला नवे नंबर आले तेव्हा व्ही ९० चं २९० झालं आणि शेवटी एक तपासणीचा अंक लागला. समजा २९० १०० हा नंबर घेतला, तर तो अंक येतो ७. तुमच्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक ज्या रीतीनं निघतो, त्याच रीतीनं. हे कळलं त्या रात्री मी ऑफिसचं काम सोडून तासभर इंजिनांचे नंबर तपासत बसलो होतो.

मग एवढ्या काटेकोर कलेत खोट कुठं आहे? वजनात.

खरं व्ही ९० जवळपास ८० टनांचं. लांबी ८७ पट कमी केली की आकारमान ८७ × ८७ × ८७ पट कमी होतं, म्हणजे साधारण साडेसहा लाख पट. हिशेबानं माझं इंजिन सव्वाशे ग्रॅमच्या आत भरायला हवं. आईच्या वजनकाट्यावर ठेवलं तर तीनशेच्या वर. एवढं धातूचं ओझं आत भरलं नाही तर ते रुळावर नुसतं फिरत राहतं. शिवाय एक-दोन चाकांना रबराच्या बारीक कड्या असतात, घसरू नये म्हणून. कठड्याची तार पाव मिलिमीटर जाड झाली तर भांडणारे लोक या अडीच पटींबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आणि तरीही ते जड वाटत नाही. जडपणा सॉफ्टवेअरमध्ये घालावा लागतो. डिकोडरमध्ये 'सीव्ही ३' नावाची एक जागा आहे, तिथला आकडा वाढवला की इंजिन हळूहळू वेग घेतं. 'सीव्ही ४' वाढवला की थांबायला वेळ लावतं. मी दोन्ही भरपूर वाढवले. इंजिन दोन सेकंद धापा टाकतं, मग कष्टानं हलतं. बघणारे म्हणतात, वा! पण मागं एक डबा असो, दहा असोत की शून्य, धाप तेवढीच. माझ्या इंजिनाला मालाचा पत्ताच नाही. ते ओझ्याची नक्कल करतं.

मालगाडीचं इंजिन बनवणाऱ्या कलेवर माझी हीच तक्रार आहे. ती यंत्राचं व्यक्तिचित्र रंगवते आणि मालाला शोभेचं सामान समजते. वॅगनमधला कोळसा म्हणजे काळा प्लॅस्टिकचा उंचवटा, बोटानं उचलून बाजूला ठेवता येणारा. घाणसुद्धा इंजिनाची: ब्रेकच्या लोखंडाची तपकिरी धूळ, तेलाचे ओघळ, पावसाचे डाग. ती अप्रतिम रंगवतात, मी त्यातूनच शिकलो. पण हात काळे कोणाचे झाले, ते त्या रंगकामात दिसत नाही. इंजिनिअरिंगला असताना पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं होतं, १९९८ ला सुरू झालेलं. दिवे मंद होतात, सगळं गाव उजळतं, गाड्या एकमेकींना चुकवत धावतात. मी तीनदा गेलो. तिथं प्रश्न पडला नव्हता, कारण त्या गावाला गाड्या धावण्यापलीकडे काही नकोच होतं. खेळ आहे तो, आणि फार चांगला आहे. मालगाडी मात्र नुसतीच धावली की मला आता खटकतं.

बाबांच्या प्रश्नानं मी वैतागून व्ही ९० चा इतिहास वाचायला बसलो, आणि तिथं घरचाच माणूस भेटला. हे इंजिन तयार केलं कील शहरातल्या माक कंपनीनं. त्याच माकनं, त्याच सुमारास, भारताला नॅरोगेजची झेडडीएम-२ ही ७०० अश्वशक्तीची डिझेलं दिली. पुढं तेवढ्याच ताकदीची नॅरोगेज डिझेलं चित्तरंजनच्या कारखान्यात होऊ लागली, आणि त्यांतलं झेडडीएम-४ए आमच्या नागपूर–नागभीड लाइनवर धावायचं. रूळ कमकुवत, म्हणून भार वाटून घ्यायला दोन्ही टोकांना चाकांची एकेक जास्तीची जोडी. म्हणजे टेबलावरचा जर्मन पाहुणा आमच्या इंजिनाचा लांबचा चुलतभाऊ निघाला.

ब्रह्मपुरीवरून जाणारी गोंदिया–चांदा फोर्ट लाइन माझ्या लहानपणीच ब्रॉडगेज झालेली. पण नागभीडला उतरून ती छोटी गाडी धरायची, भिवापूर, उमरेड करत इतवारी गाठायची, हे मी अनेकदा केलंय. रस्त्यानं निघालेले आमच्या आधी पोचायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली, गेज बदलण्यासाठी.

आता एक गंमत बघा. भारतीय ब्रॉडगेजचं १६७६ मिलिमीटर अंतर एचओत सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतं. तसे रूळ बाजारात मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडचे लोक भारतीय इंजिनं युरोपच्या साडेसोळावर चालवतात आणि मान खाली घालतात. पण नागभीडच्या ७६२ मिलिमीटरचे होतात पावणेनऊ, आणि ९ मिलिमीटरचे रूळ सगळीकडे तयार मिळतात. ब्रॉडगेजची गाडी तडजोडीवर चालते. आमची बंद पडलेली गाडी जवळपास तंतोतंत बसते.

म्हणून मी झेडडीएम-४ए करायला घेतलं. व्ही ९० ची मापं, फोटो, सुटे भाग, सगळं मिळतं. झेडडीएमचं मॉडेल मला विकत कुठं सापडलं नाही. पांढऱ्या प्लॅस्टिक शीटवर पेन्सिलनं आखून कापतोय. मापं फोटोंवरून काढलेली, दाराची उंची शेजारी उभ्या माणसावरून अंदाजानं. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथं टेप घेऊन जायचंय. एक भाग आधीच चुकलाय: खिडक्या फार सारख्या झाल्यात. व्ही ९० शेजारी ठेवलं की हे गरीब दिसतं. असू दे.

रंगाचं मात्र ठरलंय. जर्मन तपकिरी धूळ इथं नको. उन्हानं उडालेला रंग हवा, आणि त्यावर मिलच्या भट्टीतली कोंड्याची राख, ती आमच्या गच्चीवर फुकट पडते.

डबा आधी केला, इंजिन अजून अर्धं आहे. बँडेजच्या कापडाची पोती शिवली, तांदळाच्या कणीनं भरली, बोटाच्या पेराएवढी, आणि डब्याच्या दाराशी एकावर एक रचली. बाबांनी परवा ती पाहिली. "दारात कोन ठेवते रे पोते? लोक चढतीन कसे? शीटखाली सरकव. अन् एक माणूस बसव त्यावर. पोत्याला कोनी एकटं सोडत नाही."

शीटखाली जागा साडेचार मिलिमीटर आहे. पोती पुन्हा शिवतोय.