पाठटाचणातील ‘पूर्वज्ञान’ आणि खंडित शाळा

इंग्रजीच्या छात्राध्यापकाच्या पाठटाचणात ‘पूर्वज्ञान’ या नावाचा एक रकाना असतो. ‘विद्यार्थ्यांना साधा वर्तमानकाळ परिचित आहे’ यासारखे एखादे वाक्य त्यात लिहिले, की मार्गदर्शक अध्यापकांची सही होते आणि पाठ पुढे सरकतो. हे वाक्य विद्यार्थ्यांकडे पाहून लिहिलेले नसते. पाठ्यपुस्तकातील मागील पाठाकडे पाहून लिहिलेले असते. हर्बार्टच्या पंचपदीपासून आजवर अध्यापनपद्धतींची नावे अनेकदा बदलली. परंतु शाळा काल भरली होती आणि उद्याही भरेल, हे गृहीत तपासून पाहण्याची गरज आपणांस क्वचितच भासली. नव्या इंग्रजी शिक्षकाच्या तयारीतील मुख्य वैगुण्य प्रस्तुत लेखकास येथेच दिसते.

वडूजच्या परिसरात हे गृहीत कितपत टिकते? खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण येरळेच्या काठी असले, तरी पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. १९७२ च्या दुष्काळात या बाजूची कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडण्याच्या कामावर होती. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये माण-खटाव भागात चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. घरातील एक-दोन माणसे जनावरांबरोबर छावणीत राहिली, म्हणजे घराचे आणि पर्यायाने मुलांच्या शाळेचे वेळापत्रक मोडते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मे झाले, त्यासाठी वडूज इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, त्या मात्र जाणूनबुजून. तो खंड वेगळ्या जातीचा होता.

मार्च २०२० मध्ये आलेला खंड या सर्वांहून दीर्घ ठरला. राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. पहिलीत असताना घरी बसलेले मूल वर्गात परतले ते तिसरीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून शिकविले जाते. त्यामुळे तिसरीच्या शिक्षकाने टाचणात कोणते पूर्वज्ञान लिहावयाचे, हा प्रश्न तेव्हा शब्दशः उभा राहिला. शासनाने जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविला. मागील इयत्तेचा धागा जोडावा, हा त्याचा हेतू स्तुत्यच होता. तथापि प्राथमिक वर्गांपुरता हा सेतू शाळा उघडण्यापूर्वीच बांधून संपला, आणि तोही सर्व मुले एकाच काठावर उभी आहेत असे धरून. ‘पूर्वज्ञान’ या रकान्याचीच ती विस्तारित आवृत्ती म्हणावी लागेल.

अशा खंडाचा सर्वांत मोठा फटका इंग्रजीस बसतो. शाळा बंद असली तरी मराठी घरात बोलली जाते. गणितही बाजारात, दूध-डेअरीच्या हिशेबात थोडेफार चालू राहते. इंग्रजीचे तसे नाही. खटावच्या वाडीवस्तीवरील मुलाच्या तोंडी ‘मोबाईल’, ‘चार्जर’, ‘ट्रॅक्टर’ असे शब्द शेकड्यांनी असतील. पण इंग्रजी वाक्य त्याच्या कानी पडते ते बहुधा वर्गातच. वर्ग संपला, की वाक्य संपले.

खंडाच्या काळात शिक्षकांनी काही केले नाही, असे मुळीच नाही. सोलापुरात निलमनगर भागातील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले गेले. पालघर जिल्ह्यातील काही पाड्यांवर भोंग्यावरून पाठ ऐकविले गेले. या धडपडीचे मोल कमी न लेखता एक भेद नोंदवावासा वाटतो. भिंत अक्षरे, सूत्रे, अंक उत्तम सांभाळते, परंतु तिला उच्चार नाही. भोंग्याला उच्चार आहे, पण समोरचे मूल काय म्हणाले ते त्याला ऐकू येत नाही. भाषा शिकण्यास ऐकणारा माणूस लागतो, आणि घरात इंग्रजी ऐकून दुरुस्त करणारा कोणी नसतो. भ्रमणध्वनीने हा प्रश्न सुटेल म्हणावे, तर घरातील एकुलता एक फोन सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो.

मग छात्राध्यापकास शिकवावे काय? आपल्या घरांतून पाढे आणि श्लोक शाळेवाचूनही पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण ते मुखात होते. इंग्रजी मात्र आपण वहीत ठेवले. पाठांतराची चेष्टा करणे ही आम्हा अध्यापकांची जुनी सवय; तिच्या भरात हे साधन आपण फेकून दिले. सवाल-जबाबाच्या रूपातील वीस-पंचवीस वाक्ये, दोन-तीन छोट्या गोष्टी, दोघा भावंडांत खेळता येईल असा एखादा प्रश्नोत्तराचा खेळ, एवढा साठा मुखात बसला, तर मूल तो छावणीतही घेऊन जाऊ शकेल. पुस्तकाच्या किती पाठांचे असे मौखिक रूप करता येते, हे सराव पाठांतूनच शिकावे लागेल.

दुसरी तयारी शाळा पुन्हा भरते त्या दिवसाची. २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात शालेय आंतरवासितेस वीस आठवडे दिलेले आहेत. त्यांतील निदान एक पाठ छात्राध्यापकाने अपरिचित वर्गावर, पूर्वज्ञानाचा रकाना कोरा ठेवून घ्यावा. तास मुलांना विचारण्यात आणि त्यांचे ऐकण्यात जावा. रकाना तासानंतर, मुलागणिक भरला जावा. चाळीस मुलांच्या वर्गात एका तासात हे पुरे होणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. दोन तास लागतील. दोन लागू द्यावेत.

खरी अडचण गुणदानाची आहे. सराव पाठाच्या निरीक्षण-तक्त्यात नियोजनास गुण आहेत, प्रस्तावनेस आहेत, फलकलेखनासही आहेत. छात्राध्यापकाने काय ऐकले, यास रकाना नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने पूर्वज्ञान कोरे ठेवून टाचणवही पुढे केली, तर आपल्यापैकी बहुतेक जण ती सहीवाचून परत करतील.