फोटो पाहिलात का? : जुन्या चित्रांच्या डिजिटल नोंदींविषयी



विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा ग्रंथालयवाल्यांचा मामला, आपलं इथं काय काम? पण जुना फोटो इंटरनेटवर शोधणाऱ्या प्रत्येकाचं इथं काम आहे. आपण शोधतो फोटो, पण यंत्र आपल्याला गाठून देतं ते त्या फोटोबद्दल कुणीतरी लिहून ठेवलेले शब्द. शीर्षक, कर्ता, तारीख, स्थळ, विषय, वर्णन असे रकाने आणि त्यांत भरलेला मजकूर. यालाच वर्णनात्मक मेटाडेटा म्हणतात. विद्यार्थी असताना आम्ही हे रकाने भरायचो. आज समीक्षा करायची आहे ती आमच्याच तेव्हाच्या नोंदींची.

सरावासाठी आमच्या गटाला एका पुस्तकातल्या चित्रांचे स्कॅन मिळाले होते. विल्यम जॉन्सन यांचं ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’. लंडनहून निघालेलं, दोन खंडांचं. पहिला १८६३चा, दुसरा १८६६चा. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या समाजांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोसोबत त्या समाजाची माहिती. रकाने होते डब्लिन कोअरचे. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे बरं का, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. तिथं १९९५ साली झालेल्या बैठकीतून या घटकांची सुरुवात झाली. पुढे ते १५ ठरले. कोणतंही छोटं ग्रंथालय वापरू शकेल इतके सोपे, म्हणून जगभर पसरले.

पहिल्या दिवशी आम्ही फार खुश होतो. भराभर नोंदी झाल्या. शीर्षक : चित्राखाली छापलेलं. तारीख : १८६३. स्थळ : मुंबई. एकही रकाना रिकामा नाही. मॅडमनी एक्सेलची फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एवढंच विचारलं, “फोटो पाहिलात का रे?”

आम्ही गप्प. कारण पुस्तक पाहिलं होतं, फोटो पाहिला नव्हता.

आता एकेक रकाना घेऊ. आधी तारीख. १८६३ हे पुस्तकाचं वर्ष. जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी त्याआधी, १८५६ ते १८५८ या काळात, मुंबईत ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला होता. पश्चिम भारतातले पेहराव आणि माणसं ही मालिका त्यातच येत होती. म्हणजे पुस्तकातला एखादा फोटो पुस्तकापेक्षा काही वर्षांनी जुना असू शकतो. मधल्या काळात १८५७ येऊन गेलं! एखादा अभ्यासक १८५७च्या आधीची मुंबई शोधत असेल, तर आमच्या नोंदीनं त्याला तो फोटो कधीच दाखवला नसता. आमच्यातल्या एकानं तर स्कॅन केल्याची तारीख भरली होती. मूळ वस्तू आणि तिची डिजिटल प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका नोंदीत एकाच वस्तूचं वर्णन करावं, हे तत्त्व आम्ही परीक्षेत पाठ लिहिलं होतं. काम करताना विसरलो.

दुसरा रकाना, स्थळ. मॅडमच्या प्रश्नानंतर चित्रं मोठी करून पाहिली. माणसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. उजेड माणसांवर एक आणि मागच्या देखाव्यावर दुसराच. मग वाचून कळलं, की जॉन्सन यांनी माणसांचे फोटो वेगळे घेतले आणि वेगळ्या घेतलेल्या देखाव्यांवर ते जोडले. ही जोडचित्रं आहेत. जिथं ती माणसं उभी दिसतात, तिथं ती त्या क्षणी उभी नव्हती. आमच्या ‘स्थळ : मुंबई’नं हे सगळं झाकून टाकलं होतं.

तिसरा रकाना, शीर्षक. हा सगळ्यांत अवघड. चित्रांखाली नावं आहेत ती समाजांची. समोर बसलेल्या माणसाचं नाव नाही. कुणीतरी घरून निघून आलं, कॅमेऱ्यासमोर खूप वेळ न हलता बसलं, आणि पुस्तकात एका जातीचा नमुना झालं. पुढे दीडशे वर्षांनी आम्ही तेच शीर्षक उतरवून घेतलं. इतकंच नाही, विषयाच्या रकान्यातही तेच टाकलं. पुस्तकानं ज्या नजरेनं माणसं मांडली, ती नजर आम्ही आमची म्हणून सही करून दिली.

यावर एक सोपा उपाय सुचतो, आम्हालाही सुचला होता : जुनी शीर्षकं काढून टाकू, नवी देऊ. आम्हाला तो चुकीचा वाटतो. ते शीर्षक पुरावा आहे. ते पुसलं तर जॉन्सन यांनी काय केलं हेच पुसलं जाईल, आणि त्या पुस्तकावर टीका करणाऱ्यालाच चित्र सापडणार नाही. छापील शीर्षक ठेवा, पण ते छापील आहे असं लिहा. नोंदकारानं स्वतः दिलेलं शीर्षक चौकटी कंसात टाकायची तालिकाकारांची जुनी रीत आहे. तो कंस क्षुल्लक दिसतो, पण हे शब्द कुणाचे आहेत ते तो सांगतो.

आणि वर्णनात जे दिसतं ते लिहा. आम्ही डोक्यावर काहीही दिसलं की ‘टर्बन’ लिहीत होतो. पगडी आधीच बांधून तयार असते, ती डोक्यावर ठेवायची. फेटा दर वेळी गुंडाळायचा. हा फरक आम्हाला लहानपणापासून ठाऊक, पण रकाना इंग्रजी म्हणून तो आम्ही बाहेर ठेवून आलो. मराठी शब्द नोंदीत नसेल, तर मराठीत शोधणाऱ्याला ते चित्र मिळणार कसं?

कुणी म्हणेल, एवढा वेळ आहे कुणाकडे? हजारो चित्रं पडली आहेत. खरंच आहे. दुसऱ्या फेरीत आमच्या नोंदी अगदी हळू झाल्या आणि काम मुदतीत पुरं झालं नाही. पण तीन गोष्टींना वेळ लागत नाही : शीर्षक छापील की आपलं, तारीख फोटोची की पुस्तकाची, आणि नोंद कुणी, कधी केली. शेवटची गोष्ट तर बहुतेक संग्रहांत दिसतच नाही. नोंद आपोआप उगवली असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि आपोआप उगवलेल्या गोष्टीशी कुणी वाद घालत नाही.

आमच्या त्या पहिल्या फाइलमध्ये एकही रकाना रिकामा नव्हता. दुसऱ्या फाइलमध्ये व्यक्तीच्या नावापुढे आम्ही लिहिलं, ‘नाव नोंदलेलं नाही’. रकाना तसाच कोरा सोडला असता, तर तिथं एक माणूस होतं हेही कुणाला कळलं नसतं.

पुढच्या वेळी एखादा जुना फोटो उघडाल, तेव्हा आधी चित्र पाहा, मग खालची ओळ वाचा. दोन्ही जुळत नसतील तर त्या संग्रहाला कळवा. इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.