खरखर येते कोठून?

घरी बांधलेल्या रेडिओसंचातली खरखर ही हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची, जुनी तक्रार आहे. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात : 'येथे कपॅसिटर जोडा', 'तेथला रोध बदला'. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर अशा बहुतेक टिपणांत एक मोठी उणीव दिसते. काय करायचे ते त्यांत असते. खरखर कोठे जन्मते हे कसे शोधायचे, ते मात्र नसते.

उदाहरणासाठी आपण 'बिटएक्स' घेऊ. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३च्या सुमारास रचलेला हा १४ मेगाहर्ट्झ पट्ट्यावरचा, सुमारे ६ वॅटचा ट्रान्सीव्हर. एकाच पेटीत प्रेषक आणि ग्राहक. महागड्या सुट्या भागांऐवजी त्यांनी साधे ट्रान्झिस्टर, १० मेगाहर्ट्झचे स्फटिक, इतकेच काय, वेटोळे गुंडाळायला नळाचा वॉशरही वापरला. प्रत्येक टप्प्याचे काम त्यांनी समजावून सांगितले, हा आम्हांला त्याहून मोठा गुण वाटतो. दुरुस्तीच्या टिपणांत हीच शिस्त हरवते.

वास्तविक तीन सोप्या चाचण्यांत बरेच कळते. पहिली, अँटेना काढा. आवाज स्पष्ट कमी झाला तर तो आकाशातून किंवा शेजारच्या चार्जरमधून येत होता. संच निर्दोष आहे. दुसरी, आवाजाचे बटण शून्यावर न्या. तरीही सूं सूं ऐकू आली तर दोष बटणाच्या पुढे, म्हणजे शेवटच्या ध्वनिवर्धकात किंवा वीजपुरवठ्यात. तिसरी, संच बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर ती घरच्या ५० हर्ट्झच्या विजेतून, एकदिशीकरणानंतर उरलेली १०० हर्ट्झची लहर होती.

आता उपायाला अर्थ येतो. बिटएक्सच्या शेवटी एलएम ३८६ ही आयसी आहे. तिचे वर्धन मुळात २० पट असते. १ आणि ८ क्रमांकाच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की ते २०० पट होते. मात्र आयसीची स्वतःची खरखरही त्याबरोबर वाढते. म्हणून आयसी २० पटीवरच ठेवून, तिच्याआधी कमी खरखरीचा ट्रान्झिस्टर लावणे बरे. संदेश आधीच मोठा होतो आणि आयसीची खरखर त्याच्यापुढे लहान पडते. हे कारण समजले की नियम कोणत्याही संचाला लागू करता येतो. नुसती कृती एकाच संचापुरती राहते.

गाळणीचेही तसेच. १ किलोओहमचा रोध आणि ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांनी सुमारे ३,२०० हर्ट्झच्या वरचे ध्वनी क्षीण होत जातात. कान सुखावतो. पण 'स'ची बरीचशी ऊर्जा याच्याही वर असते. गाळणी आणखी आवळली तर 'साठ' की 'आठ' हे ओळखणे कठीण होते. शांतता मिळते, पण थोडे बोलणे गमावून. ही किंमत सांगणारे टिपण विरळाच.

आमचा आक्षेप दुरुस्तीला नाही, तिच्या मांडणीला आहे. 'हे जोडा' याआधी 'हे का' आणि नंतर 'किती फरक पडला' ही दोन वाक्ये हवीत. प्रेषणासाठी परवाना लागतो, परंतु आयसी, स्पीकर आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर ध्वनिवर्धकाचे प्रयोग कोणत्याही शाळेत होतील. विद्यार्थ्यांना कपॅसिटर देण्यापूर्वी त्यांच्याकडून अंदाज लिहून घ्यावा, मग तो जोडू द्यावा. अंदाज चुकला तरी चालेल. तो का चुकला याची चर्चा वर्गात झाली, म्हणजे खरखरीनेही चांगला धडा दिला असे म्हणता येईल.