परमुलखात अमीर नादेरी

सायकलवरचा एक माणूस पोराकडून गार पाणी घेऊन पितो आणि पैसे न देताच पुढे निघतो. पाणी विकणारा पोरगा, अमीरो, त्याच्यामागे धावत सुटतो. एका रियालसाठी. आता दृश्य संपेल असं वाटतं आणि ते संपत नाही. पोराची छाती फुटायची वेळ येते, तरी तो थांबत नाही. शेवटी आपलं नाणं वसूल करूनच परततो. अमीर नादेरी यांच्या ‘द रनर’ (१९८४) या चित्रपटातला हा पाठलाग पाहिला की दिग्दर्शकाचा स्वभाव कळतो.

इराणी सिनेमा म्हटलं की आपल्याकडच्या फिल्म सोसायटीच्या मंडळींना किआरोस्तामी, माजिदी, पनाही ही नावं चटकन आठवतात. नादेरींचं नाव निघालंच तर ‘द रनर’पुरतं. नंतर न्यूयॉर्क, लास वेगास, जपान, इटली इथे त्यांनी केलेलं काम म्हणजे देश सुटलेल्या माणसाची भटकंती, असा एक समज आहे. मला हा समज मान्य नाही. नादेरींचं सगळ्यात धीट काम इराणबाहेरचं आहे, आणि परक्या देशात चित्रपट करताना भलेभले जिथे घसरतात तिथे ते बरेचदा सावरले आहेत.

नादेरी १९४६चे, आबादानचे. तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना असलेलं हे दक्षिण इराणमधलं बंदर. आईबाप लवकर गेले, मावशीनं वाढवलं. चित्रपटांच्या सेटवर स्थिरचित्रकार म्हणून त्यांनी सुरुवात केली. ‘खुदाहाफेज रफीक’ (१९७१) हा पहिला चित्रपट, मग सादेक चूबक यांच्या कादंबरीवरचा ‘तंगसीर’, बेहरूज वोसूगीसारखा तारा घेऊन केलेला. म्हणजे धंदेवाईक सिनेमाही त्यांना परका नव्हता. पुढे ते मुलांसाठी काम करणाऱ्या ‘कानून’ या संस्थेत आले. किआरोस्तामीही तिथलेच, त्यांच्या ‘द एक्स्पीरियन्स’च्या पटकथेत नादेरींचा वाटा होता. ‘द रनर’ही ‘कानून’चाच. इराण-इराक युद्धात आबादानची दैना झाली होती, त्यामुळे बालपणातलं ते बंदर दुसऱ्या गावांत जुळवून उभं करावं लागलं. संपादन बहराम बेझाई यांचं.

अमीरो अनाथ आहे. भंगारात निघालेल्या जहाजावर राहतो, बाटल्या गोळा करतो, बूट पुसतो. जुनी परदेशी मासिकं तो विमानांच्या चित्रांसाठी विकत घेतो, पण त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही. मग रात्रशाळा सुरू होते. शेवटी तेलाच्या पेटत्या ज्वाळांच्या धगीत पोरं बर्फाच्या लादीपर्यंत पळत जायची शर्यत लावतात. अमीरो पहिला पोहोचतो आणि तो बर्फ मागून धापा टाकत आलेल्या पोरांनाही देतो. या एका कृतीमुळे चित्रपट ‘जिंकण्याची कहाणी’ होण्यापासून वाचतो.

‘वॉटर, विंड, डस्ट’मध्ये हेच सगळं आणखी सोलून काढलेलं आहे. दुष्काळात आटलेलं तळं, तडफडणारे मासे, घरच्यांच्या शोधात निघालेला मुलगा आणि कानठळ्या बसवणारा वारा. शेवटी जमिनीतून पाणी उसळतं आणि बेथोवनची पाचवी सिम्फनी वाजू लागते. ते संगीत मला आजही जरा जास्त वाटतं; वारा पुरेसा होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नादेरींनी इराण सोडलं. परमुलखात गेलेल्या दिग्दर्शकापुढे साधारण दोन वाटा असतात. एक सोहराब शहीद सालेस यांची. ते सत्तरच्या दशकात जर्मनीला गेले आणि ‘फार फ्रॉम होम’मध्ये त्यांनी तुर्की कामगाराचं एकाकीपण, तोच तो कारखाना, तीच ती खोली, इतक्या थंडपणे दाखवलं की परकेपण हाच त्यांचा विषय होऊन बसला. दुसरी वाट पाहुण्याची. माजिद माजिदी मुंबईत आले, ‘बियाँड द क्लाउड्स’ (२०१७) केला. रहमानचं संगीत, इशान खट्टर, धोबीघाटावर सुकत घातलेल्या चादरी. तेहरानच्या गल्लीत बुटांच्या एका जोडीवर अख्खा चित्रपट पेलणारा हा माणूस, मुंबईत मात्र आपल्याला पाठ असलेलीच मुंबई दाखवून गेला. माणसं रडतात तेव्हा पावसासकट रडतात.

नादेरी या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये केलेल्या त्यांच्या पहिल्या चित्रपटात एकही इराणी पात्र नाही. ‘मॅनहॅटन बाय नंबर्स’मध्ये (१९९३) नोकरी गेलेला एक पत्रकार थकलेल्या भाड्यासाठी पैसे मागत दिवसभर शहरभर फिरतो, उत्तरेच्या टोकापासून खाली वॉल स्ट्रीटपर्यंत. जुन्या मित्राचा पत्ता लागत नाही. हाताशी एक माणूस, एक दिवस, एक रक्कम आणि रस्त्यांचे आकडे, एवढंच. शहर समजावून सांगण्याचा आवच नाही. पायी चालणाऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच कॅमेऱ्याला दिसतं, आणि म्हणूनच ते खरं वाटतं.

‘मॅरेथॉन’ (२००२) तर आणखी विक्षिप्त. कृष्णधवल चित्रपट. ग्रेचन नावाची बाई चोवीस तासांत जास्तीत जास्त शब्दकोडी सोडवायचा स्वतःचाच विक्रम मोडायला निघते. घरातल्या शांततेत तिला कोडी सुटत नाहीत, म्हणून ती भुयारी रेल्वेत जाऊन बसते. रुळांचा खडखडाट, ब्रेकची किंचाळी, दारांची आपटाआपट, आणि मांडीवर कोडं. आईचे काळजीचे निरोप तेवढे घरच्या फोनवर साठत जातात. या चित्रपटाला पार्श्वसंगीत हवंच कशाला? दादर-कुर्ल्याच्या लोकलमध्ये उभ्यानं पुस्तक वाचणाऱ्याला ही बाई परकी वाटणार नाही. नादेरींच्या नायिका बरेचदा फार पातळ असतात, कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून वावरतात. ग्रेचन हा सणसणीत अपवाद, आणि त्यांच्या चित्रपटांत मी सर्वांत वर ठेवीन तो हाच.

‘व्हेगास: बेस्ड ऑन अ ट्रू स्टोरी’ (२००८) मध्ये झगमगत्या कॅसिनोंच्या कडेला राहणारं एक साधं कुटुंब आहे. अंगणात चोरीच्या पैशांची पेटी पुरलेली आहे असं कुणीतरी कानात घालतं. मग बायकोनं जिवापाड जपलेली बाग खणली जाते. आधी एक कोपरा, मग सगळंच अंगण. अमेरिकेत घरांचा फुगा फुटला त्याच काळात हा चित्रपट व्हेनिसच्या स्पर्धेत होता. भाषण कुणीच ठोकत नाही. फावडं तेवढं चालत राहतं.

इथवर आल्यावर नादेरींची पद्धत लक्षात येते. देश कुठलाही असो, ते एका माणसाला एक अंगमेहनतीचं, जवळजवळ वेडेपणाचं काम देतात आणि ते शेवटापर्यंत करायला लावतात. भाषा नीट आली नाही तरी चालते, कारण संवादांवर फारसं काही टांगलेलंच नसतं. इराणी दिग्दर्शक फरहादी फ्रान्समध्ये ‘द पास्ट’ आणि स्पेनमध्ये ‘एव्हरीबडी नोज’ करतात तेव्हा त्यांना घरातली उणीदुणी, लग्नाचे पाहुणे, सगळं भाषेच्या बारकाव्यांसकट लागतं, आणि स्पेनमध्ये ते निसटतं. किआरोस्तामींनी टस्कनीत ‘सर्टिफाइड कॉपी’ केला तेव्हा अस्सल काय आणि नक्कल काय, हाच विषय घेऊन त्यांनी अडचणीचंच भांडवल केलं. नादेरींनी ती अडचण अंगालाच लावून घेतली नाही.

पण या पद्धतीचा तोटाही आहे. जपानमधल्या ‘कट’मध्ये (२०११) शूजी हा चित्रपटवेडा तरुण हातात भोंगा घेऊन खरा सिनेमा मारला जातोय म्हणून रस्त्यात ओरडतो, कुरोसावा-ओझूंच्या कबरींपाशी जातो. भाऊ याकुझा टोळीच्या कर्जापायी मेला आहे. ते फेडायला शूजी पैसे घेऊन गुंडांकडून मार खातो. शेवटच्या रात्री प्रत्येक ठोशाबरोबर एका थोर चित्रपटाचं नाव, अशी शंभराची यादी. हिदेतोशी निशिजिमा (पुढे ‘ड्राइव्ह माय कार’मध्ये अनेकांनी पाहिला तो) सुजलेल्या चेहऱ्यानं हे पेलतो खरा. पण अमीरोला बर्फ हवा होता कारण तहान लागली होती. शूजीचं हौतात्म्य चित्रपट महोत्सवातल्या प्रेक्षकाला गुदगुल्या करतं. यादीतलं ओळखीचं नाव आलं की आपणच खूश होतो. मार कुणी दुसराच खातो आहे, हे विसरायला होतं.

‘मोन्ते’ (२०१६) इटलीतला, मध्ययुगातला. डोंगर ऊन अडवतो म्हणून अगोस्तिनो घणानं डोंगर फोडू लागतो. आपल्या वाचकाला गया जिल्ह्यातले दशरथ मांझी आठवतील, पण मांझींच्या डोंगरापलीकडे दवाखाना होता, बाजार होता. अगोस्तिनोच्या गावाला बाजारपेठ फक्त त्याला हाकलण्यापुरती. जागा इतकी झिजवली आहे की उरतं ते रूपक, आणि घणाचे घाव कितीही जोरदार असले तरी रूपकावर ते पोकळ वाजतात. व्हेनिसनं त्या वर्षी त्यांना सन्मान दिला, २०१८मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रानं त्यांचे चित्रपट एकत्र दाखवले. हे झालं ते बरंच झालं, पण सन्मानाचं वर्ष आणि उत्तम चित्रपटाचं वर्ष एक नसतं.

आज इराणी दिग्दर्शकांच्या परदेशी कामाला वेगळाच भाव आहे. रसूलोफ २०२४मध्ये देशातून निसटले आणि ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ ऑस्करला जर्मनीकडून गेला; पनाहींचा कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालेला चित्रपट फ्रान्सकडून. दोघांचं धैर्य निर्विवाद आहे. पण युरोपचा पैसा इराणबद्दल बोलणाऱ्या इराण्यामागे जितका चटकन उभा राहतो, तितका मॅनहॅटनमध्ये शब्दकोडी सोडवणाऱ्या बाईमागे राहत नाही. नादेरींनी त्याची किंमत छोट्या बजेटांत आणि दोन चित्रपटांमधल्या लांबलचक वर्षांत मोजली.

त्यांचा वारसा मात्र न्यूयॉर्कमध्येच दिसतो. रामीन बहरानी हे अमेरिकेत जन्मलेले इराणी. त्यांच्या ‘मॅन पुश कार्ट’मधला पाकिस्तानी कॉफीवाला पहाटेच्या रहदारीतून आपली गाडी ओढतो ती सरळ नादेरींच्या रस्त्यावरून. घरजप्तीवरच्या ‘९९ होम्स’ची पटकथा तर दोघांनी मिळून लिहिली. पुढे बहरानी भारतात येऊन अरविंद अडिगांच्या कादंबरीवर ‘द व्हाइट टायगर’ करून गेले. त्यातला ड्रायव्हर बलराम बोलतो, समजावतो, पुन्हा बोलतो. नादेरींनी त्याच्या हातात फक्त गाडीचं चाक दिलं असतं.