मनोरा दिसतो, गाव दिसत नाही

तळ्याच्या मधोमध उभा असलेला एकटाच चर्चचा मनोरा. मागे बर्फाळ डोंगर. हा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. मी तो सेव्ह करून विसरून गेले होते. मार्को बाल्झानोची 'रेस्तो क्वी' (मी इथेच राहते) ही २०१८ची इटालियन कादंबरी इंग्रजी अनुवादात वाचली, तेव्हा तो फोटो पुन्हा उघडला. या वेळी नजर मनोऱ्यावर नव्हती, खालच्या पाण्यावर होती.

हा मनोरा उत्तर इटलीतल्या आल्प्समधल्या ग्राउन गावाचा. इटालियन नाव कुरोन. १९५०मध्ये वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणाचं पाणी गावात शिरलं. १६३ घरं आणि ५२३ हेक्टर जमीन गेली. चर्चही पाडलं. चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा वारसा म्हणून राखला.

कादंबरी सांगते त्रिना, गावातली शिक्षिका. तिची मुलगी आत्याबरोबर निघून गेली, ती परतलीच नाही. त्रिना हे सगळं त्या मुलीला उद्देशून लिहिते. त्यामुळे धरणाची गोष्टही एका आईच्या आवाजात येते, अहवालासारखी नाही.

मला सर्वांत पटलं ते हे, की या कादंबरीत पाण्याआधी भाषा बुडते. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन बोलणारा प्रदेश इटलीकडे आला. मुसोलिनीच्या राजवटीनं शाळांतून जर्मन हद्दपार केली. त्रिना चोरून मुलांना शिकवते. १९३९मध्ये लोकांपुढे पर्याय ठेवला गेला: हिटलरच्या जर्मनीत जा, नाहीतर इथे राहून इटालियन व्हा. पुढे धरणाची सूचना लागते, तीही इटालियनमध्ये. ज्यांची घरं जाणार, त्यांना ती वाचता येत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

तक्रारी दोन. त्रिनाचा नवरा एरिक धरणाविरुद्ध जिवाच्या आकांतानं धडपडतो. बाकीचं गाव मात्र बहुतेक वेळा 'धरण काही होत नाही' म्हणणारी गर्दी होऊन राहतं. दोन युद्धांनी थकलेल्या त्या माणसांचं म्हणणं मला अजून ऐकायचं होतं. दुसरी अशी, की बाल्झानो मिलानचा, लिहितो इटालियनमध्ये. ज्या भाषेनं गावाला मुकं केलं, तिच्यातच गावाचं दुःख सांगण्यातला पेच कादंबरीत आणखी टोचायला हवा होता.

तरीही ही कादंबरी वाचाच, असं मी म्हणेन. त्याचं कारण इथलं आहे. एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरल्यावर मी पळसदेवचं पाण्याबाहेर आलेलं देऊळ बघायला गेले होते. शिखराचे खूप फोटो काढले. शेजारी एक आजोबा उभे होते. ते देवळाकडे नाही, त्याच्या डावीकडच्या चिखलाकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." ते लगेच सरकले.

त्यांचं घर कुठं होतं, हे मी विचारलं नाही. तो फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे.