ओटच्या पाकिटाचे परीक्षण

विज्ञानविषयक पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. अशी पुस्तके फार तर काही हजार वाचकांपर्यंत पोचतात. किराणा दुकानातून येणाऱ्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा मजकूर मात्र असंख्य घरांत न्याहारीच्या वेळी वाचला जातो. त्यात आकडे असतात, तक्ते असतात, शास्त्रीय संज्ञा असतात, आणि क्वचित हृदयाचे चित्रही असते. म्हणजे ते एक प्रकारचे विज्ञानलेखनच झाले. त्याचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. म्हणून या वेळी आम्ही ओटच्या पाकिटावरचा मजकूर परीक्षणाला घेतला आहे. कोणत्या कंपनीचे पाकीट हा प्रश्न गौण आहे, कारण मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच असतो.

ओट हे धान्य बारामती-इंदापूर भागाला नवे नाही. येथे दुभती जनावरे बाळगणारे शेतकरी रब्बीत ओट पेरतात ते वैरणीसाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ हे ओटचे चाऱ्याचे वाणही दिले आहे. पेरणीपासून ५०-५५ दिवसांत पहिली कापणी होते. दाणा भरेपर्यंत कोणी थांबत नाही. तेव्हा कन्हेरीसारख्या गावात ओट दोन ठिकाणी भेटतो : गव्हाणीत हिरवा आणि दुकानात चपटा. दुकानातला ओट बहुधा परदेशातून, त्यातही ऑस्ट्रेलियातून आलेला असतो, आणि किलोला ज्वारीच्या काही पट किमतीला विकला जातो. हा जादा पैसा नेमका कशाचा, हे पाकिटाने सांगायला हवे. पाकिटाचे म्हणणे असे की तो पैसा तंतूंचा आणि हृदयाच्या आरोग्याचा.

आधी तंतूंचे पाहू. साध्या ओटच्या पाकिटावर १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम ‘डाएटरी फायबर’ असे छापलेले असते. हा आकडा खरा आहे. आता एखादा चौकस विद्यार्थी शाळेच्या कपाटातला जुना पोषणतक्ता काढतो आणि ज्वारी शोधतो. तेथे ज्वारीसमोर तंतू १.६ ग्रॅम आणि बाजरीसमोर १.२ ग्रॅम दिसतात. मग ‘ओटमध्ये ज्वारीच्या सहापट तंतू’ असा तक्ता वर्गात लागतो, पुढे तो गावातल्या आरोग्यमेळाव्यात जातो, आणि आजी नातवाला भाकरीऐवजी ओट खायला सांगू लागते.

या तुलनेत खोट आहे आणि ती शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. हे जुने आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, गोपालन आणि सहकाऱ्यांच्या प्रसिद्ध तक्त्यांतले. ते ‘क्रूड फायबर’चे आहेत. ही मोजणी एकोणिसाव्या शतकातली. जर्मनीत वेंडे येथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६०च्या सुमारास ती बसवली, आणि तीही जनावरांच्या खाद्यासाठी! धान्य आधी सौम्य आम्लात आणि नंतर सौम्य अल्कलीत उकळायचे आणि उरेल तो चोथा मोजायचा. या उकळण्यात विद्राव्य तंतू जवळजवळ सगळे निघून जातात आणि अविद्राव्य तंतूंचाही बराच भाग जातो. माणसाच्या पोटात असली उकळणी होत नाही. त्यामुळे १९७०नंतर, बर्किट आणि ट्रॉवेल यांच्या कामामुळे तंतूंकडे लक्ष वेधले गेले तेव्हा, नवी मोजणी लागली. आपल्या पचनसंस्थेप्रमाणे विकरांनी पिष्ट आणि प्रथिने पचवायची आणि जे पचत नाही ते सगळे मोजायचे. हे झाले ‘डाएटरी फायबर’.

याच संस्थेने २०१७ साली नव्या पद्धतीने मोजलेले तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १०.२ ग्रॅम, बाजरीत ११.५ ग्रॅम आणि नाचणीत ११.२ ग्रॅम तंतू आहेत. म्हणजे ओटच्या बरोबरीने, कणभर अधिकच. ज्याला अजून शंका असेल त्याने जुन्या तक्त्यात ओट शोधावा. तेथे ओटचे तंतूही ३.५ ग्रॅमच दिलेले आहेत. ना ज्वारी बदलली, ना ओट, मोजमाप बदलले. आठ दशांश दोन इंच आणि वीस सेंटिमीटर यांची तुलना आकड्यांवरून करू नये हे आपण पाचवीत शिकवतो. येथे नेमके तेच झाले आहे. पाकिटावरचा आकडा खोटा नाही, पण ‘ज्वारीपेक्षा जास्त’ हा निष्कर्ष वाचकाने काढावा अशी सोय मात्र आयतीच होते.

दोन भाकरींना शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ लागते. ते न चाळता वापरले तर दहा-बारा ग्रॅम तंतू मिळाले. चाळीस ग्रॅम ओटच्या न्याहारीतून चार मिळतात. तंतूंसाठी म्हणून भाकरी सोडून ओट धरण्याचे कारण नाही.

दुसरा दावा हृदयाचा. येथे ओटची बाजू खरोखर भक्कम आहे आणि ती नीट मांडली पाहिजे. ओटच्या तंतूंपैकी बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू धान्याच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के असतो. ज्वारीत तो फारच कमी. पाण्यात तो फुगून दाट, बुळबुळीत द्रव होतो. आतड्यात हा द्रव पित्ताम्ले धरून ठेवतो आणि ती शरीराबाहेर जातात. यकृताला नवी पित्ताम्ले करावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. अनेक चाचण्यांतून हे दिसून आले आणि १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओटविषयी असा दावा छापण्याची परवानगी दिली. अट दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानची होती.

पाकिटावर ही अट बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. हिशोब सोपा आहे आणि आठवीच्या वर्गाला देण्याजोगा आहे. चाळीस ग्रॅम ओटमध्ये ४ टक्क्यांनी १.६ ग्रॅम. म्हणजे एका वेळच्या न्याहारीत निम्मीच मात्रा. पूर्ण मात्रेला रोज ७५ ग्रॅम लागतात. आणि एवढे रोज खाल्ल्यावर काय होते? ‘वाईट’ कोलेस्टेरॉल सरासरी पाच ते सात टक्के उतरते. १६० असेल तर १५०च्या आसपास येते. हा फायदा खरा आहे, पण औषधाची जागा घेणारा नाही. गोळ्या चालू असलेल्या माणसाने पाकीट वाचून त्या बंद केल्या तर मजकुराचा दोष मोठा ठरेल.

जाता जाता : हाच बीटा-ग्लुकान जवातही, म्हणजे आपल्या सातूतही, तितकाच किंवा जास्त असतो, आणि अमेरिकेत तोच दावा पुढे सातूलाही लागू झाला. आपल्याकडचे ‘सातूचे पीठ’ मात्र बहुधा गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचे असते. त्यात सातूचे नावच तेवढे उरले आहे. तेव्हा या पिठाच्या डब्यावर कोणी हृदयाचे चित्र काढू नये.

पाकिटावर जे मुळीच नसते ते म्हणजे प्रक्रियेची गोष्ट, आणि आम्हाला तीच सर्वांत रंजक वाटते. बाजरीचे पीठ आठवड्याभरात कडू होते हे येथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यातला स्निग्ध पदार्थ लायपेज हे विकर फोडते. ओटमध्ये स्निग्ध पदार्थ बाजरीहूनही जास्त, सुमारे ७ टक्के, आणि हे विकरही जोरदार. नुसता दळला तर तोही कडू होईल. म्हणून कारखान्यात टरफल काढलेला दाणा वाफेवर तापवतात, विकर निकामी होते, आणि मग दाणा रुळांखाली चपटा करतात. आपण विकत घेतो तो ओट आधीच अर्धा शिजलेला असतो. झटपट होण्याचे रहस्य एवढेच आहे.

पण किती चपटा, यावर बरेच अवलंबून असते. जाड पाकळ्यांचा ग्लायसेमिक निर्देशांक (ग्लुकोज १०० धरून) सुमारे ५५ येतो, ‘इन्स्टंट’चा सुमारे ७५. धान्य एकच, पण बारीक तुकड्यांतले पिष्ट लवकर पचते आणि रक्तातली साखर लवकर चढते. मधुमेही वाचकाला हा फरक पाकिटाने सांगायला हवा. ‘दोन मिनिटांत तयार’ हे मोठ्या अक्षरांत असते, त्याची किंमत कोठेच नसते. मसाल्याच्या पाकिटांबद्दल जास्त लिहीत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्या यादीत मीठ आणि साखर कितव्या जागी आहेत आणि सोडियम किती आहे हे मुलांना शोधू द्यावे. दिवसाला सोडियम २ ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याच्याशी तुलना करता येईल.

परीक्षकाने एकाच बाजूला झोडपू नये. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्या निमित्ताने ज्वारी-बाजरीचीही पोस्टरे निघाली आणि त्यांतल्या काहींचा सूर ओटच्या पाकिटासारखाच होता : साखर जाते, वजन जाते, सगळेच जाते. ज्वारीची एक उणीव त्यांत सहसा नसते. तिचे काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवल्यावर आणखी घट्ट गुंफले जाते आणि पचायला जड होते. ओटची प्रथिने या बाबतीत सरस आहेत, आणि १०० ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम म्हणजे ज्वारीपेक्षा तीनेक ग्रॅम अधिक. ज्वारीचे पीठ आंबवले तर ही अडचण बरीच कमी होते. आंबील करणाऱ्यांना काफिरिन माहीत नव्हते, पण चव आणि पोट त्यांना माहीत होते.

आता पाकिटाच्या मागच्या पाककृती. मजकुराचा सर्वांत कच्चा भाग तोच. ‘चिकट होणार नाही’ असे आश्वासन देत ओटचा उपमा, ओटचे पोहे, ओटचा पुलाव करायला सांगतात. उपमा रव्याचाच चांगला. ओट तेथे नक्कल करतो आणि फसतो. शिवाय ज्या बुळबुळीतपणासाठी आपण जादा पैसे मोजले, तोच लपवण्याची ही धडपड. आपल्याकडे बुळबुळीत आणि दाट पदार्थ आवडीने खाण्याची सवय आहेच : आंबील, कण्या, पेज. ओट त्या घरात ठेवावा.

जाड पाकळ्यांचा ओट पाऊण वाटी, म्हणजे चाळीसेक ग्रॅम, दीड कप गार पाण्यात घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत शिजवावा. गार पाण्यापासून सुरुवात केली की बीटा-ग्लुकान सुटायला वेळ मिळतो आणि गुठळ्या होत नाहीत. रात्री भिजवला असेल तर निम्मा वेळ पुरतो. भांडे उतरवून कोमट होऊ द्यावे आणि मग अर्धा कप ताक घालावे. उकळत्या ओटमध्ये ताक घातले तर आम्ल आणि उष्णता मिळून त्यातले केसीन फुटते आणि चोथापाणी होते. जिरे, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, हवी तर हिरवी मिरची. मीठ शेवटी, वरून. जिभेला ते आधी लागते म्हणून कमी पुरते. वर शेंगदाण्याचे कूट किंवा वाफवलेली मोडाची मटकी घातली म्हणजे ओटच्या प्रथिनांत जे लायसीन कमी पडते ते मटकीतून भरून निघते. शेवग्याचा पाला मिळत असेल तर शिजतानाच टाकावा. गोड हवे असेल तर ताकाऐवजी दूध आणि दोन खजूर. साखरेची गरज पडत नाही. उरलेला ओट थंड झाल्यावर घट्ट बसतो, तो टाकून देऊ नये. ज्वारीच्या पिठात कालवून, कांदा घालून थालीपीठ थापले तर तव्यावर सुटूनही नीट येते.