हंसाबाईंनंतर कोण बोललं?

मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरलेल्या माणसांनी स्वतःबद्दल भरपूर लिहिलं आहे. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ मध्ये आलं, डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’ २००४ मध्ये, विजया मेहतांचं ‘झिम्मा’ २०१२ मध्ये. ही पुस्तकं लागोपाठ वाचली की एक गोष्ट खटकते. आपले कलावंत कलेबद्दल मोकळेपणानं बोलतात, दुःखाबद्दलही बोलतात. पण कलेवर पोट कसं भरलं, राबवून कोणी घेतलं, पैसा कोणाच्या हाती गेला, हे सांगायची वेळ आली की बहुतेकांची लेखणी आखडते. प्रांजळपणाची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

या कसोटीला पूर्ण उतरणारं पुस्तक १९७० सालचं आहे, हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. हंसाबाईंनी ते सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं, आणि ‘माणूस’ नियतकालिकाच्या वाचकांनी ते आधी वाचलं. नाव त्यांच्याच १९५९च्या गाजलेल्या चित्रपटाचं. कोवळ्या वयातली रतन साळगावकर घरची ओढाताण भागवायला सिनेमात येते आणि हंसा वाडकर होते. पुढे घर तिच्या कमाईवर चालतं, तिच्या आयुष्याचे निर्णय मात्र दुसरेच घेतात. नवऱ्याचा संशय, दारू, घर सोडणं, परत येणं. यातलं काहीच त्या स्वतःला शोभून दिसेल अशा बेतानं सांगत नाहीत. वाचकाकडे दयाही मागत नाहीत. १९७१ मध्ये त्या गेल्या. श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनावरून ‘भूमिका’ (१९७७) केला, स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट मोठाच आहे. तरी थकलेल्या बाईचा तो सरळ बोलता आवाज पुस्तकातच ऐकावा. आणि त्यातलं निम्मं श्रेय ऐकणाऱ्याचं आहे. साधूंनी तिला मध्ये थांबवून सभ्य केलं नाही.

त्यांच्याही तीस वर्षं आधी शांता आपटे बोलल्या होत्या. १९३९ साली प्रभात कंपनीशी करारावरून वाद झाला तेव्हा या नटीनं कंपनीच्या फाटकापाशी उपोषण मांडलं आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. झगमगाटामागे मजुरी असते हे तिनं तेव्हा छापून टाकलं. आज किती जणांना हे पुस्तक ठाऊक आहे? ते पुन्हा सहज मिळायला हवं.

‘लमाण’चा मान वेगळा. लागू घशाचे डॉक्टर. दवाखाना सोडून पूर्णवेळ नट झाले आणि डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ उभं केलं. भूमिका कशी घडते हे मराठीत त्यांच्याइतकं नेमकं थोड्यांनीच लिहिलं आहे.

आता पुस्तकाची जागा मुलाखतीनं घेतली. दोन-दोन तास निवांत चालणाऱ्या पॉडकास्टवर तरुण नट नैराश्याबद्दल, समुपदेशकाकडे जाण्याबद्दल उघड बोलतात. ही खरी कमाई आहे. मागच्या पिढीला हे जमलं नव्हतं. पण यातलं बरंचसं बोलणं चित्रपट किंवा नाटक येण्याच्या आठवड्यातलं असतं. मन उघडं होतं, हिशेब बंदच राहतो. मालिकेचं बारा-तेरा तासांचं शूटिंग, महिनोन् महिने लांबणारं मानधन, हे विषय कॅमेरा बंद झाल्यावरचे.

आणि आमच्याकडे, नागपुरात? नंदनवनातून रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह जवळ. तिथे मुंबई-पुण्याचे नट येतात, टाळ्या घेतात, वर्तमानपत्रांना मुलाखती देतात. त्याच नंदनवनाजवळून निघणारा उमरेडचा रस्ता पुढे भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोचतो. झाडीपट्टी रंगभूमीचं ते ठाणं. दिवाळी झाली की तिथल्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत निघतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, तेही पार उजाडेपर्यंत. मग गाडीतच झोप आणि संध्याकाळी दुसरं गाव. तालमीला वेळ नसतो, म्हणून प्रॉम्प्टरच्या भरवशावर प्रवेश उभा करायचा. हंगाम होळीच्या पुढेमागे संपतो. उरलेलं वर्ष शेती किंवा मिळेल ते काम.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका हे आकडे सगळीकडे छापून आले. पण एवढे प्रयोग गळ्यानं कसे सोसले? पहाटे तीनला रडायचा प्रवेश कसा जमतो? कोणती भूमिका घरी सोबत आली? स्त्री-कलावंतांना तर गावोगाव याहून कठीण अनुभव येत असणार. हे सगळं आकड्यात मावत नाही. ‘सांगत्ये ऐका’च्या तोडीचं झाडीबोलीतलं आत्मकथन अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. झाडीपट्टीच्या कलावंतांत सांगणारे कमी आहेत असं मी मुळीच मानत नाही. त्यांच्यासमोर बसणारे साधू कमी पडले.

नागपूरच्या नाट्यसंस्थांनी आणि विद्यापीठाच्या मराठी विभागांनी हे काम अंगावर घ्यावं. त्यांची वाट मात्र कुणी पाहू नये. तुमच्या नात्यात, ओळखीत असा कलावंत असेल तर होळीनंतर, तो मोकळा झाला की, फोनवर रेकॉर्डिंग लावून त्याच्यासमोर बसा. पहिल्या प्रयोगाचे किती पैसे मिळाले, इथून सुरुवात करा, आणि त्याची झाडीबोली सुधारू नका.